तीन किनाऱ्यांचे मद्य आणि आपली एकच ‘दारू’

‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ ही इसवी सनाच्या पहिल्या शतकातली ग्रीक भाषेतली व्यापारी मार्गदर्शिका. तिच्या ४९व्या कलमात भडोच बंदरावर उतरणाऱ्या मालाची यादी आहे आणि त्या यादीतला पहिलाच माल मद्य आहे. पण लेखक नुसते ‘मद्य’ लिहून पुढे जात नाही. इटलीच्या मद्याला मागणी अधिक, लाओदिकेयाचे आणि अरबस्तानचेही खपते, असे नोंदवून मग तो तांबे, कथील, शिसे आणि पोवळ्याकडे वळतो. त्याच कलमात पुढे राजासाठी न्यायच्या वस्तू आहेत. चांदीची भांडी, गाणारी मुले, उंची वस्त्रे यांच्या जोडीला तिथे उत्तम प्रतीचे मद्य पुन्हा वेगळे धरले आहे. म्हणजे एका बंदरावर तीन किनाऱ्यांचे मद्य, शिवाय त्यात राजाचे निराळे.

मराठीत प्राचीन महाराष्ट्राच्या व्यापारावर जे लेखन माझ्या वाचनात आले, त्यात हे कलम बहुतेक ठिकाणी एका वाक्यात संपते: रोमहून मद्य येत असे. उत्खननात खापरे मिळाली की ती ‘रोमन मद्यकुंभाची’ असतात. पहिल्या वाचनात मीही तसेच वाचले होते. विल्फ्रेड शॉफच्या १९१२च्या इंग्रजी भाषांतराची झेरॉक्स प्रत माझ्याकडे होती आणि त्या ओळीच्या कडेला मी पेन्सिलीने लिहून ठेवले होते, ‘रोमन दारू’. ही टीप खोडायला मला काही वर्षे लागली. या लेखात सांगायचे आहे ते त्या खोडण्याविषयी.

आधी माझ्याबद्दल थोडे, कारण त्याचा विषयाशी संबंध आहे. आखाडा बाळापूरला माझे बी-बियाणे आणि खतांचे दुकान आहे. विद्यापीठात इतिहास शिकलेलो नाही. जे शिकलो ते दुकानाच्या गल्ल्यामागे बसून, दुपारी गिऱ्हाईक नसताना. आमच्या धंद्यात ‘बियाणे द्या’ असे म्हणत कोणी येत नाही. सोयाबीन असेल तर जेएस ३३५ की दुसरे कुठले, हळदीचे बेणे असेल तर सेलम की राजापुरी, इथून बोलणे सुरू होते. वाणाचे नाव चुकले तर हंगाम जातो. असे असताना पेरिप्लसच्या व्यापाऱ्याने तीन वाण वेगळे सांगितले आणि मी, एक दुकानदार, त्यांचा एकच ढीग करून मोकळा झालो. हे कसे झाले?

याचे उत्तर माझ्या घरात आहे. आमच्या घरात त्या वस्तूसाठी एकच शब्द होता आणि तोही माय तोंडात घेत नसे. ‘ते’ म्हणायची. अण्णा ‘ते’ घ्यायचे. माय माळकरी, पंढरीची वारी चुकवायची नाही. नामदेवांची नर्सी आमच्याच जिल्ह्यातली, त्यामुळे घरात अभंग आणि अण्णांचे रात्रीचे येणे असे दोन्ही एका छपराखाली नांदले. ज्या वस्तूने घर खाल्ले तिचे प्रकार कोण मोजणार? त्या वस्तूचे कौतुक होईल असा कुठलाही शब्द मला आजही सहन होत नाही. तरीही हा लेख लिहितो आहे.

आता ते तीन किनारे पाहू.

इटलीचे मद्य म्हणजे पुष्कळ अंशी नेपल्सच्या आखाताभोवतीच्या कंपानिया प्रांताचे मद्य. थोरला प्लिनी याने आपल्या ‘नॅचरल हिस्टरी’चा चौदावा खंड द्राक्षवेल आणि मद्य यांना दिला आहे. जगात नाव घेण्याजोगी सुमारे ८० मद्ये आहेत आणि त्यांतली दोन तृतीयांश इटलीची, असा त्याचा हिशेब. त्यात देशाभिमान किती आणि मोजमाप किती हे बाजूला ठेवू. मला महत्त्वाचे वाटते ते त्याचे फालेर्नियन मद्याविषयीचे विवेचन. एकाच डोंगराच्या माथ्यावरचे कौकिनियन, मधल्या उतारावरचे फौस्तियन आणि पायथ्याचे फालेर्नियन. चवीनेही तीन जाती: तुरट, गोड, हलके. ज्योत लावली तर पेटते असे हे एकच मद्य, हेही तो सांगतो. एका डोंगराचे तीन भाग आणि तिन्हींना तीन नावे. आपल्याकडे शिवारातल्या तुकड्यांना अशी नावे असतात, मळी, बरड, चोपण. जमीन पाहूनच ती पडलेली असतात.

त्याच आखाताच्या दुसऱ्या टोकाला सोरेंटो. तिथल्या मद्याची वैद्य मंडळी फार तारीफ करत. सम्राट टायबेरियसला ते पटत नव्हते. वैद्यांनी संगनमत करून त्याला नावारूपाला आणले, एरवी तो एक खानदानी सिरका आहे, असे त्याचे मत प्लिनीने नोंदवले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीची ही समीक्षा वाचताना आपल्याकडच्या काही पुरस्कारांची आठवण होते, पण ते असो. इसवी सन ७९मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला, तेव्हा याच किनाऱ्यावर स्टाबियाई येथे प्लिनी मरण पावला. ज्या मळ्यांची त्याने इतकी बारकाईने नोंद केली, त्यांतले कितीतरी त्या राखेखाली गेले.

त्या ज्वालामुखीने अभ्यासकांना एक खूणही दिली. कंपानियाच्या कुंभारांनी मद्याचे जे उंच, दोन कानांचे, निमुळत्या बुडाचे कुंभ घडवले, त्यांच्या मातीत काळ्या ज्वालामुखी वाळूचे कण आहेत. अशा कुंभाला अँफोरा म्हणतात आणि त्यात साधारण २६ लिटर मद्य मावे. खापर कुठेही सापडो, भिंगाखाली ते काळे कण दिसले की माती कुठली हे सांगता येते. हे भांडे मुके नसते. आपण त्याला ‘रोमन’ एवढेच म्हणून गप्प करतो.

दुसरा किनारा लाओदिकेयाचा, म्हणजे आजच्या सीरियातले लताकिया. स्ट्राबो हा भूगोलकार लिहितो की या शहरामागचा डोंगर जवळजवळ माथ्यापर्यंत द्राक्षवेलींनी भरलेला होता आणि अलेक्झांड्रियाला लागणारे बरेचसे मद्य इथून जाई. अलेक्झांड्रियाहून नाईल नदीने कोप्टोसपर्यंत, तिथून वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके किंवा म्योस होर्मोस बंदराला आणि मग मोसमी वाऱ्यांवर भारतात, असा हा रस्ता. बेरेनिकेच्या उत्खननात जकातनाक्यावर दाखवायच्या परवानगीच्या नोंदी खापरांवर शाईने लिहिलेल्या सापडल्या. त्यांत ‘इटालिकी’, ‘लादिकेनी’, ‘अमिनेयन’, ‘ऱ्होडियन’, ‘इफेसस’चे अशी मद्यांची नावे आहेत. नाक्यावरच्या कारकुनाला हा फरक माहीत होता, कारण परवाना त्या नावाने होता.

याच व्यापाराच्या पोटात शिरलेला आणखी एक किनारा म्हणजे कोस बेट. तिथे मद्यात समुद्राचे पाणी घालत. त्याचे मूळ प्लिनीने सांगितले आहे: एका गुलामाने ठरलेले माप भरून दाखवण्यासाठी चोरून खारे पाणी मिसळले आणि ती चव लोकांना आवडली. चोरी पकडली जाण्याऐवजी तिची रीत झाली. केटोने तर या मद्याची कृती दिली आहे. द्राक्षतोडणीच्या सत्तर दिवस आधी, वारा पडलेला असताना, गोडे पाणी पोचणार नाही अशा खोल समुद्रातून पाणी आणावे, असे तो सांगतो. हा केटो इटलीचा. म्हणजे कोसचे मद्य कोसमध्येच होत होते असे नाही. इटलीच्या मळ्यांतही कोसच्या धाटणीचे मद्य होत होते. त्याचे कुंभही कोसच्या कुंभासारखे, दुहेरी दांड्याच्या कानांचे. चव एका बेटाची, माती दुसऱ्या किनाऱ्याची. असे खापर हाती आले तर त्याला नाव काय द्यायचे, हा अभ्यासकांपुढचा खरा प्रश्न आहे. तोही ‘रोमन’ या शब्दाखाली झाकला जातो.

तिसरे अरबस्तानचे मद्य. ते द्राक्षांचे की खजुराचे, यावर विद्वानांत मतभेद आहेत. पेरिप्लसमध्येच इराणी आखाताच्या बाजूच्या बंदरांतून भडोचला मद्य आणि खजूर जात असल्याचे सांगितले आहे. या बाजूचा पुरावा गेल्या काही दशकांत ठळक झाला. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरची पुष्कळ खापरे पूर्वी रोमन अँफोराची म्हणून नोंदली गेली होती. रोबर्टा टॉम्बर या संशोधिकेने ती नव्याने तपासली आणि त्यांतली बरीच मेसोपोटेमिया-आखाताकडच्या कुंभांची निघाली. हे कुंभ बिनकानांचे, लांबट, आतून डांबराचा लेप दिलेले. त्यांना ‘टॉर्पेडो’ कुंभ म्हणतात. त्यांचा मोठा काळ सासानी आणि त्यानंतरचा आहे. टॉम्बर यांचा लेख २००७चा आणि पुस्तक २००८चे. मराठीत मात्र त्यानंतर आलेल्या लेखनातही ‘रोमन मद्यकुंभ’ जिथल्या तिथे आहेत. खापर आपल्या जमिनीतले, त्याच्यावरची पाटी मात्र जुनीच. रोम आपल्याकडे येत होते, या आनंदात आपण ती काढली नाही.

हे मद्य आत कुठपर्यंत आले? पेरिप्लस सांगते की भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपले तेर. या दोन्ही ठिकाणचा माल बैलगाड्यांतून, वाटा नसलेल्या मोठ्या मुलखातून भडोचला जाई. पैठणहून गोमेदासारखे दगड, तगरहून कापड. गाड्या परत येताना रिकाम्या येत नसणार. प्रवरेकाठच्या नेवाशाच्या उत्खननात, ज्याचा अहवाल सांकळिया, देव, अन्सारी आणि एऱ्हार्ट यांनी १९६०मध्ये काढला, भूमध्य समुद्राकडच्या अँफोरांची खापरे मिळाली. रिकामा अँफोराही चांगलाच जड असतो, हे लक्षात घेतले म्हणजे सह्याद्रीच्या पलीकडून तो इथवर आणणाऱ्या बैलांची कीव येते.

तेरला मी लातूर, मुरूड, ढोकी करत एसटीने गेलो होतो. तिथल्या लामतुरे वस्तुसंग्रहालयातली हस्तिदंताची छोटी स्त्रीमूर्ती पाहिली. पाँपेईत १९३८ साली व्हेसुव्हियसच्या राखेखालच्या एका घरात हस्तिदंताचीच एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. सुरुवातीला तिला लक्ष्मी म्हटले गेले, आता बहुतेक अभ्यासक तिला यक्षी मानतात. तेर आणि भोकरदन इथल्या मूर्तींशी तिचे साम्य अनेकांनी दाखवले आहे. ती मराठवाड्यातूनच गेली असे ठामपणे म्हणता येत नाही, कारण तिच्या तळाशी खरोष्ठी अक्षर आहे आणि ती लिपी वायव्येकडची. पण ती ज्या किनाऱ्यावर पोचली तो कंपानियाचा किनारा. काळ्या वाळूच्या कुंभांचा तोच.

आता आपल्याकडच्या ग्रंथांकडे येतो. त्यांनीही असाच एक ढीग केला होता का? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे प्रकरण आहे. मेदक, प्रसन्न, आसव, अरिष्ट, मैरेय, मधु अशी नावे तिथे कृतीसकट येतात. मेदकाला तांदूळ, आसवाला कवठ आणि काकवी. अरिष्ट हे वैद्याच्या अखत्यारीतले. मधु म्हणजे द्राक्षरसाचे मद्य आणि त्याची ओळख त्याच्या देशावरून होते: कापिशायन आणि हारहूरक. कापिशी म्हणजे अफगाणिस्तानातल्या बेग्रामकडचा प्रदेश. पाणिनीच्या सूत्रातही ती आहे. मद्याचे नाव त्याच्या मातीवरून घ्यायचे, ही प्लिनीची रीत आपल्याकडेही होती.

कालिदासाने याचा काव्यात किती नेमका उपयोग केला आहे ते पाहावे. रघुवंशाच्या चौथ्या सर्गात रघूचे सैनिक दोन ठिकाणी मद्य पितात. पूर्व किनाऱ्यावर कलिंगात नागवेलीच्या पानांची पानभूमी आणि पेय नारळाचे आसव. पश्चिमेला पारसीकांना जिंकल्यावर द्राक्षमळ्यांच्या भूमीवर मृगाजिने अंथरून मधु. सैन्य तेच, शीण तोच. प्रदेश बदलला हे कवी पेल्यातून सांगतो. दोन्ही ठिकाणी ‘मद्य’ असा शब्द घालून भाषांतर केले, तर वृत्त जुळेल, अर्थही लागेल आणि कालिदासाने काढलेला नकाशा पुसला जाईल. समीक्षेत आपण या सर्गाला दिग्विजयाचे वर्णन म्हणतो. त्यातला भूगोल वाचायला शब्द जागेवर असावे लागतात.

मग मराठीत काय झाले? ‘दारू’ हा शब्द फारसीतून आला. तिथे त्याचा अर्थ औषध. मोल्सवर्थच्या कोशात त्याला मद्य आणि बंदुकीची दारू असे दोन्ही अर्थ आहेत. एका शब्दाने तोफ आणि पेला दोन्ही भरायचे, अशी त्याच्यावर जबाबदारी. मात्र बोलीला दोष देण्याचे कारण नाही. कोकणात माडी वेगळी आणि ताडी वेगळी. गोव्यात काजूच्या बोंडांच्या पहिल्या धारेचा हुर्राक, पुन्हा गाळली की फेणी; त्या फेणीला २००९मध्ये भौगोलिक निर्देशांकही मिळाला. आमच्याकडे शिंदी, मोहाची, हातभट्टीची, देशी, संत्रा. पिणाऱ्याला नावे पाठ असतात. दारिद्र्य आहे ते लिहिणाऱ्याच्या भाषेत. पुस्तकात उतरताना हे सगळे ‘दारू’ नाही तर ‘मद्य’ होते.

आपल्या किनाऱ्यावर द्राक्षाचे मद्य का झाले नाही, याचे उत्तर सोपे आहे. भूमध्य समुद्राच्या काठी उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात. फळ पिकते तेव्हा आभाळ स्वच्छ. कोकणात याच्या उलट. म्हणून आपला किनारा माडाचा आणि काजूचा राहिला आणि द्राक्ष सह्याद्रीच्या आड, नाशिककडे रुजले. तिथेही वेलाची छाटणी वर्षात दोनदा, उन्हाळ्यात आणि पावसाळा सरल्यावर करावी लागते, तेव्हा थंडीच्या अखेरीला घड तोडता येतात. शेतकऱ्याने हवामानाला दिलेली ही बगल आहे. आता ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक निर्देशांक आहे आणि ‘दिंडोरी’ हे गावाचे नाव एका बाटलीवर आले आहे. कापिशायनाच्या जातीचे हे नाव मला आवडते. बाटलीच्या पाठीवरचा मजकूर मात्र बहुधा इंग्रजीत असतो आणि चव समजावायला तो आपल्याकडे न पिकणाऱ्या फळांची नावे घेतो. निफाडच्या बागायतदाराला त्या चवीसाठी जांभूळ, करवंद, चिंच आठवत असणार. ते कोणी लिहून घेतलेले नाही.

जानेवारी २०२२मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला आणि महाराष्ट्रभर वाद पेटला. ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असे एक बाजू म्हणे, ‘दारू ती दारूच’ असे दुसरी. मला दोन्ही बाजू पटल्या नाहीत. पहिली बाजू नाव वेगळे करून वस्तू धुऊन काढत होती. दुसरी बाजू माझ्या मायची होती, तरीही ती वस्तूकडे पाहायलाच तयार नव्हती. कौटिल्याने नावे मोजली ती कौतुकासाठी नाहीत. कोणाला, किती मापाने विकायचे, पानगृहात कोण परका येऊन बसला आहे, दंड किती, हे ठरवण्यासाठी त्याला ती हवी होती. ज्याच्यावर लक्ष ठेवायचे त्याचे नाव माहीत असावे लागते.

हे मला ग्रंथातून कळायच्या आधी कळायला हवे होते. अण्णांना शेवटचे दवाखान्यात नेले तेव्हा डॉक्टरांनी विचारले, ‘कोणती घ्यायचे? हातभट्टीची का देशी? दिवसाला किती?’ माय पदर तोंडाला लावून उभी. मी पंचवीस वर्षांचा, दुकानात दोनशे वाणांची नावे पाठ असलेला. मी म्हणालो, ‘दारू घ्यायचे.’ डॉक्टरांनी पुन्हा तेच विचारले. आम्हा दोघांनाही सांगता आले नाही. एकाच घरात इतकी वर्षे राहून आम्ही ती बाटली कधी नीट पाहिलीच नव्हती.

त्यानंतर काही वर्षांनी मायला अशक्तपणा आला, तर वैद्यांनी द्राक्षासव दिले. रोज जेवणानंतर दोन चमचे, तेवढ्याच पाण्यात. मनुका, गूळ आणि आंबवण्यासाठी धायटीची फुले. कौटिल्याच्या वैद्याला हे ओळखीचे वाटले असते. बाटलीवर बारीक अक्षरांत छापलेले होते की यात स्वजनित अल्कोहोल आहे. माळ घालून, पाटावर बसून, ती ते घ्यायची आणि म्हणायची, जरा आंबट लागते पण अंगात ऊब येते. ते बारीक अक्षर मी तिला वाचून दाखवले नाही.